ओल्या गवताची वाफ

आमच्या लोणावळ्याकडे पावसाळ्यात चामड्याचा जोडा चार दिवस कोपऱ्यात ठेवला की त्याला पांढरी दाढी फुटते. किश्शांचंही तसंच आहे मंडळी. एक किस्सा मनाच्या कोपऱ्यात पडून राहिला की त्याच्यावर दुसरा चढतो, दुसऱ्यावर तिसरा. पुसायला जावं तर हाताला वास राहतो. आता माझं वय झालं. शाळा माझी चौथीपर्यंत. त्यातही चौथी मी दोनदा केली, कारण पहिल्या खेपेला ती फारच आवडली! तेव्हा शुद्धलेखन बघू नका, किस्से ऐका. आणि आत्ताच काय ते हसून घ्या. पुढं हसायला जागा कमी आहे.

लोणावळ्याच्या पलीकडे, घाटाच्या तोंडाशी, आमची एक ‘बंगले कमिटी’ होती. मुंबईची माणसं हवा खायला यायची, हवा आवडली की बंगला बांधायची. कुणी कुठं किती बांधायचं ते ही कमिटी ठरवायची. पत्र्याची एक खोली, एक लांब टेबल, एक गळकं छप्पर आणि मी, बाबू पट्टेवाला. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. तोवर आमचं आम्हीच लढत होतो.

* * *

कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब. पुण्याचे पेन्शनर, माणूस मऊ, तपकिरीचा शौकीन. त्यांची एक सवय सगळ्या मावळाला ठाऊक होती. अर्ज वाचायला सुरुवात झाली की त्यांचे डोळे मिटायचे. वाचन थांबलं की डोळे न उघडताच ते म्हणायचे, “मंजूर!” किंवा “विचार करू.” तपकिरीची चिमूट झाली असेल तर मंजूर, डबी सापडत नसेल तर विचार करू.

एकदा आमच्या क्लार्कला हिवताप भरला आणि अर्ज वाचायचं काम माझ्याकडे आलं. कुणा डॉक्टराला बंगल्यामागं न्हाणीघर वाढवायचं होतं. मी अर्ज वाचला आणि शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं, “तसेच अर्जदाराच्या सोयीसाठी अध्यक्षसाहेबांचे राहते घर पाडून तेथे म्हशींचा गोठा करण्यात यावा.”

“मंजूर!” रावसाहेब म्हणाले.

सगळी मीटिंग टेबलावर आडवी झाली. रावसाहेबांनी डोळे उघडले. “काय झालं? काय झालं?”

“काही नाही रावसाहेब,” मी म्हटलं, “म्हशी आल्या!”

आठवडाभर बाजारात लोक रावसाहेबांना विचारत होते, “दूध कसं दिलं?” मग त्यांनी मला बोलावलं. “बाबू, ह्यापुढं तू पाहणीला यायचं नाहीस. ऑफिसात बसायचं आणि चहा करायचा.”

मला मनात गुदगुल्या झाल्या. उन्हात टांग्यामागं पळायचं सुटलं! शिक्षा म्हणतात ती ही, तर रोज द्या! पण मंडळी, ती शिक्षा मला नव्हती. ती भलत्याच माणसाला झाली. कळायला थोडा वेळ लागला, एवढंच.

* * *

चहा म्हणजे दूध आलं, आणि दूध म्हणजे धोंडामावशी.

ऑफिसपासून मैलभर वर उतारावर ‘कारवीची वाडी’ होती. सात घरं. त्यातलं एक मावशीचं. नवरा रेल्वेच्या कामावर असताना सुट्टीच्या दिवशी घाटातला एकेक दगड आणून त्यानं भिंती उभ्या केल्या होत्या. नवरा गेला, दगड राहिले. मावशी, एक म्हैस आणि ते घर. रोज सकाळी काखेत दुधाची चरवी, पावसात डोक्यावर इरलं, अशी ती खाली यायची.

आमचे ओव्हरसियर भिडेसाहेब त्याच वर्षी चैत्रात सोलापूरकडून बदलून आले होते. नकाशे, मोजणी, पाहणी, सगळं त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता हो. मावशीच्या दुधावर तर जीव.

“मावशी, काय दूध आहे! राहता कुठं तुम्ही?”

“हितंच की सायेब, वरल्या अंगाला. या की कदी घराकडं. पाट मांडते, ताजी भाकर वाढते.”

“येईन, येईन!”

“कदी? माजी म्हस आटल्यावर?”

भिडेसाहेब खो खो हसायचे. दर चार दिवसांनी हेच बोलणं व्हायचं. साहेब वरच्या अंगाला जाऊनही आले पुढं. पण पाटावर काही बसले नाहीत.

* * *

ज्येष्ठात मुंबईचे पाठारे शेठ आले. चाळीस बंगले, एक क्लब, टेनिसचं मैदान, मधोमध बाग. एवढा मोठा अर्ज कमिटीच्या जन्मात आला नव्हता. नकाशा टेबलावर मावेना. एक टोक रावसाहेबांच्या हातात, दुसरं माझ्या, आणि मधल्या चाळीस बंगल्यांवर भिडेसाहेब गुडघ्यांवर रांगत होते. जमीन सगळी इनामदाराची होती, ती शेठनी विकत घेतली होती. कारवीची वाडीही त्याच जमिनीवर. घरं तेवढी ज्याची त्याची.

तोवर कमिटी आणि बांधणारा म्हणजे मांजर आणि उंदीर. त्यानं दोन खोल्या सांगून चार बांधायच्या, कमिटीनं अर्ज दाबून बसायचं. रावसाहेबांना ह्याचा कंटाळा आला होता. ते उभे राहिले. डोळे उघडे ठेवून बोलले, म्हणजे बघा!

“मंडळी, हे भांडण आता पुरे. कमिटी आणि बांधणारा म्हणजे एका जुवाची बैलजोडी. दोघांनी एका चालीनं चाललं पाहिजे!”

टाळ्या पडल्या. दारात आमच्या भागातले जुने गवंडी इब्राहिम मिस्त्री उभे होते. कामाची चौकशी करायला आले होते. ते सरळ म्हणाले, “जोडी लय झ्याक जमली, रावसाब. पर वावर कुनाचं?”

सगळे हसले. रावसाहेबही हसले, शेठही हसले. हसण्याच्या भरात उत्तर तेवढं राहून गेलं.

पण खोटं कशाला बोलू? ठरलं ते चांगलंच ठरलं होतं. अर्ज द्यायच्या आधीच दोघांनी बसून बोलायचं. सगळं काम एकाच माणसानं बघायचं, म्हणजे भिडेसाहेबांनी. लोकांना आधी दवंडी पिटून विचारायचं. जुनं घर मधे आलं, तर शेठनी त्याला दुसरी जागा द्यायची आणि घर बांधून द्यायचं. आणि मुख्य म्हणजे कमिटीनं काम लांबवायचं नाही. आठवड्यात पाहणी, महिन्यात दवंडी, दिवाळीला पुण्याची मंजुरी.

पूर्वी आमच्या कमिटीची पाहणी दिवाळीनंतर व्हायची. पाऊस गेलेला, ऊन पडलेलं, डबे बरोबर घेऊन. पण आता सहकार्य सुरू झालं होतं! पाहणी आषाढात निघाली.

* * *

आषाढातला मावळ ज्यानं बघितला नाही त्याच्यासाठी सांगतो. पाऊस आमच्याकडे वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. भिंत उघडी ठेवली तर ती पिऊन पिऊन फुगते आणि बसते. म्हणून मृग लागायच्या आत वाडीतला प्रत्येक माणूस घराला झडी बांधतो. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर गवताचे पेंढे, वळचणीपासून थेट जमिनीपर्यंत. छप्पर गवताचंच, तेव्हा पश्चिमेकडून बघाल तर ना भिंत दिसते, ना खिडकी. दार पाठीमागं, वाऱ्याच्या उलट बाजूला. चार महिने घर गवताच्या आत बसून असतं, कांबळं पांघरलेल्या म्हाताऱ्यासारखं. बाजारातल्या घरांना झडी असतात त्या पत्र्याच्या. सोलापूरच्या माणसाला हे कुठून ठाऊक?

टांगा पश्चिमेच्या रस्त्यानं गेला. मी ऑफिसात चहा करत होतो. पुढचं टांगेवाल्यानं सांगितलं, तेही सगळं होऊन गेल्यावर.

रस्त्यावरच टांगा थांबला. रावसाहेबांनी पडदा वर केलाच नाही, आत डोळे मिटलेले. शेठनी बुटाकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं आणि पाय आत घेतले. भिडेसाहेब एकटे खाली उतरले. छत्री उलटी झाली, ती सुलटी केली, धुक्यातून वर बघितलं.

“काय आहे हो तिकडं?” आतून रावसाहेब.

“गवताच्या गंज्या आहेत. सात.”

“घर वगैरे?”

“नाही, साहेब.”

टांगेवाला म्हणाला, “सायेब, त्यातनं धूर येतोय बगा.”

भिडेसाहेबांनी क्षणभर विचार केला. शिकलेला माणूस! “तो धूर नाही. ओल्या गवताची वाफ आहे ती. ओलं गवत आतून तापतं.”

टांगेवाला मला म्हणाला, “बाबूभाऊ, मला वाटलं, सायेबाला सोलापुरात लय गवत बगायला मिळालं आसंल.”

नकाशावर तांबड्या शाईनं सात ठिपके पडले आणि बाजूला लिहिलं गेलं, ‘गवताच्या गंज्या, सात. हलविण्यात याव्यात.’ रावसाहेबांनी सही केली. चिमूट झालेली होती.

* * *

श्रावणात मी दवंडी घेऊन वाडीवर गेलो. डबा बडवला आणि वाचलं, “ऐका हो ऐका! ह्या उतारावरच्या सात गवताच्या गंज्या हलवायच्या आहेत. कुणाची हरकत असेल त्यानं महिन्याच्या आत ऑफिसात येऊन सांगावी हो!”

माणसं दाराशी आली. एकमेकांकडे बघायला लागली.

“गंज्या? हितं कुटल्या गंज्या?”

“आरं, पावसात गंजी कोन ठेवतो उगड्यावर? पेंढा तर माळ्यावर हाय.”

“खालच्या वाडीच्या आसतील. हलवा म्हनावं बापडे!”

धोंडामावशी गवताआडून म्हणाली, “बाबू, तुज्या सायबाला सांग, आमची काय बी हरकत न्हाई. आमची गंजीच न्हाई तर हरकत कुटली?”

सगळी वाडी हसली. मीही डबा वाजवून हसलो. तरी खाली आल्यावर भिडेसाहेबांना विचारलं, “साहेब, त्या गंज्या नक्की कुठल्या?”

“नकाशात आहेत.”

“पण वर तर...”

“बाबू, तू चौथीत दोनदा बसलास ना? मग नकाशा मला वाचू दे.”

माझाच विनोद माझ्या तोंडावर आला! महिना गेला. कागदावर लिहिलं गेलं, ‘जनतेस विचारले. कोणाचीही हरकत आली नाही.’ कमिटीच्या जन्मात पहिल्यांदा एका अर्जाला एकही हरकत नव्हती. रावसाहेबांनी पेढे वाटले. मावशीच्या म्हशीच्या दुधाचे.

* * *

दिवाळीला पुण्याची मंजुरी आली. पाऊस सरला आणि वाडीनं दरवर्षीसारख्या झडी सोडून उतरवल्या.

शेठची माणसं कुदळी घेऊन वर गेली आणि तशीच खाली आली. “साहेब, गंज्या नाहीत. घरं आहेत.”

भिडेसाहेब वर पळाले. मीही मागं पळालो, मला आता कोण अडवणार होतं? उन्हात सात घरं उभी होती. शेणानं सारवलेली ओटी, दाराला झेंडूचं तोरण, धोंडामावशी अंगणात भात वाळवत बसलेली. तिनं साहेबांना बघितलं आणि उठली.

“आलाव का सायेब? शेवटी आलाव! बसा, पाट मांडते.”

भिडेसाहेब तसेच परत फिरले. तेव्हा कागदावर ह्याच घरांच्या गंज्या झाल्यात, हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यभर लोकांना हसवलं मंडळी, पण त्या अंगणात मला एक ओळ सुचली नाही.

इब्राहिम मिस्त्रींना शेठनी गंज्या हलवून पाया खणायच्या कामावर घेतलं होतं. त्यांनी घरांकडे बघितलं, हत्यारं पिशवीत भरली. मुकादम ओरडला, “मिस्त्री, कुठं चालला?”

“मला गंज्या हलवायला बोलीवलं व्हतं,” मिस्त्री म्हणाले. “गंज्या घावल्या की निरोप धाडा.”

* * *

मावशी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली. चरवी होती, दूध नव्हतं. टेबलासमोर उभी राहिली.

“सायेब, मला पैका नगं, काय नगं. माजं घर कागदावर घर म्हनून ल्या. तेवढंच.”

कारण तिला कळलं होतं, कागदावर घर असेल तर त्याला दुसरी जागा आहे, नवं घर आहे. गंजीला काय आहे?

भिडेसाहेब खाली बघून म्हणाले, “मावशी, मंजूर नकाशात तिथं घर नाही.”

“मंग रोज दूध कुटनं येत व्हतं सायेब? गंजीतनं?”

माझा चहा उतू गेला आणि स्टोव्ह विझला.

रावसाहेब आणि शेठ बाहेर ओसरीवर गेले. पूर्वीचे दिवस असते तर कमिटीनं शेठची मानगूट धरली असती, शेठनं कमिटीला कोर्टात खेचलं असतं, आणि त्या भांडणात सात घरं वाचली असती! पण आता दोघं एका जुवात होते. मी चहा घेऊन गेलो तेव्हा ऐकलं.

“चूक दुरुस्त करायची म्हटलं तर नकाशा परत पुण्याला,” रावसाहेब म्हणाले. “परत पाहणी, परत दवंडी. आणि आमच्या सह्या आहेत हो त्याच्यावर.”

“आणि माझी मंजुरी जाईल,” शेठ म्हणाले. “चाळीस घरची माणसं मुंबईत माझ्या जिवावर थांबली आहेत.”

“मग?”

“मग मंजूर नकाशाप्रमाणे जाऊ. वाडीच्या लोकांना माझ्याकडे काम देतो. कुणी उपाशी राहणार नाही, शब्द आहे माझा.”

“तुम्ही फार समंजस आहात, शेठ.”

“तुम्हीही, रावसाहेब.”

दोघांनी एकमेकांना आधी आत जायचा आग्रह केला. “आधी तुम्ही.” “छे, छे, आधी तुम्ही!” दारात बराच वेळ गेला.

* * *

घरं पडायच्या दिवशी वाडी आपापलं सामान घेऊन उतरली. कुणी टाकवे बुद्रुकला, कुणी आणखी कुठं, जिथं नातं निघेल तिथं. मावशी टाकव्याला भाचीकडे निघाली. म्हैस पुढं, जातं शेजाऱ्याच्या पाठीवर आणि मावशीच्या डोक्यावर पाटी. पाटीत चुलीचे तीन दगड, काळेठिक्कर.

मी तिला हसवायला म्हटलं, “मावशे, टाकव्यात दगड मिळत नाहीत व्हय?”

“मिळत्यात की. पर त्यांस्नी माजी भाकर ठाव न्हाई.”

आणि गेली. मी पाटीला हात लावायला गेलो तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. पट्टा खराब हुईल तुजा.”

त्या दिवसापासून आमच्या बाजारात घराला कुणी घर म्हणेना. “गंजीला कोण आहे रे?” “आज गंजीलाच आहे, या जेवायला.” मीच सुरू केलं होतं ते. भिडेसाहेब भाजी घ्यायला आले की भाजीवालीही विचारायची, “सायेब, गंजीला किती मान्सं? कोथमीर किती देऊ?” त्यांनी बाजारात येणं सोडलं. ऑफिसातला चहा त्यांनी सोडला तो त्याच्याही आधी.

* * *

पहिला बंगला धरला तो नेमका मावशीच्या घराच्या जागी, कारण तिथून दरी झकास दिसायची. पायाभरणीला भटजी आले. पूजा मांडता मांडता त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, “ह्या जागेवर पूर्वी वस्ती होती का? असेल तर आधी शांत करावी लागते.”

शेठनी रावसाहेबांकडे बघितलं.

“गवत होतं,” रावसाहेब म्हणाले.

भटजींनी दर्भ ठेवायला माती सारखी केली, तर बोटाला काहीतरी लागलं. मोडक्या वृंदावनाचा चौथरा होता आणि त्याच्या फटीतून चार पानांची तुळस वर आलेली.

“गवतात तुळस?” भटजी म्हणाले.

भटजींनी ती अलगद उपटली, पूजेतच वाहिली आणि पुढचा मंत्र म्हटला. दक्षिणा ठरलेली होती.

* * *

आता शेवटचा सांगतो. ह्याच्यावर दुसरा चढला नाही, इतकी वर्षं वरच आहे.

पुढच्या वर्षीच्या मृगापर्यंत तो पहिला बंगला तेवढा उभा राहिला. बाकीच्यांचे नुसते पाये. बंगला देखणा! पश्चिमेला ही मोठी काचेची खिडकी, दरी बघायला. पहिल्या आठवड्यात पाऊस त्या खिडकीतून दरी बघायला आत आला. भिंती प्यायल्या, गिलावा फुगला, शेठचा जीव खालीवर झाला. कुणीतरी सांगितलं, ह्याला झडी बांधा. पण झडी बांधायला येतं कुणाला? वाडीच्या माणसांना. आणि वाडी कुठं आहे?

शेठनी टाकव्याला माणूस धाडला. शब्दाचा पक्का माणूस, काम देईन म्हणाला होता, दिलं! मावशी आली. चार बाया घेऊन तिनं थेट कौलांवरून जमिनीपर्यंत बंगला असा बांधून काढला की काच दिसेना, कौल दिसेना. पावसाळ्यात मुंबईचं कुणी तिथं राहणार नव्हतं, म्हणून शेठनी तिलाच राखणीला ठेवलं. ती भाचीकडून आपली पाटी घेऊन आली आणि आत राहायला लागली.

पुण्याचे मोठे साहेब चैत्रात तपासणीला यायचे होते. ते आले आषाढात. मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही ते त्यांना बघायचं होतं. त्या दिवशी साहेबांवर छत्री धरायला माणूस हवा होता म्हणून माझी पाहणीची बंदी उठली. तोच टांगा, तोच रस्ता, तोच आडवा पाऊस. रावसाहेब, शेठ, भिडेसाहेब, सगळे जोडीनं.

साहेबांनी छत्रीखाली नकाशा उघडला. बारीक, सर्दी झालेला माणूस. “सात गंज्या हलवायच्या होत्या. हलवल्या?”

“हलवल्या, साहेब!” तिघं एकदम म्हणाले.

साहेबांनी धुक्यातून वर बघितलं. “मग ही आठवी कुठली?”

शेठ घाईघाईनं पुढं झाले. “साहेब, ही गंजी नव्हे, हा तर आमचा पहिला बंगला! पावसासाठी झडी बांधली आहे. बाहेरून तशी दिसते. इकडं पावसाळ्यात सगळीच घरं अशी...”

आणि ते थांबले. तोंड उघडंच.

“सगळीच घरं कशी?” साहेबांनी विचारलं. त्यांचं बोट नकाशावरच्या तांबड्या ठिपक्यांवर होतं.

रावसाहेबांचे डोळे तेव्हा जेवढे उघडले तेवढे मी आधीही बघितले नव्हते, नंतरही नाही. बंगला म्हणावं, तर सात तांबड्या ठिपक्यांची सात घरं कागदावर उभी राहतात आणि चाळीस बंगल्यांची मंजुरी बसते. गंजी म्हणावं, तर एकच बंगला जातो. मी हसू लपवायला तोंड फिरवलं, छत्री तेवढी साहेबांवर राहिली.

“गंजी की घर?” साहेब शिंकले. “एक काय ते सांगा. तेच लिहितो.”

शेठनी रावसाहेबांकडे बघितलं. रावसाहेबांनी शेठकडे.

“गंजी, साहेब,” रावसाहेब म्हणाले.

“गंजीच,” शेठ म्हणाले.

“मग अट आहे तीच. आठ दिवसांत हलवा.” साहेबांनी पेन्सिल काढली, लिहायला लागले आणि मधेच थांबले. “आणि हा धूर कसला?”

भिडेसाहेबांनी धुराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, “ओल्या गवताची वाफ, साहेब.”

तेवढ्यात वर गवत खसखसलं. दोन हातांनी पेंढा बाजूला सारून धोंडामावशीनं डोकं बाहेर काढलं, हाताला पीठ लागलेलं.

“कोन हाय तिकडं? आगं बया, भिडेसायेब! भिजताय कशापायी? आत या की. पाट मांडते, भाकर तव्यावरच हाय!”